लिनक्सवर मोडेम चालत नाही? ड्रायव्हर शोधायला निघण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नुकतंच विंडोज काढून लिनक्स टाकलंय. सिम घालायचा फोर-जी यूएसबी डोंगल विंडोजवर निमूट चालत होता, इथे लावला की फक्त एक सीडी उघडते. त्या सीडीत ‘लिनक्स’ नावाचं फोल्डर दिसलं म्हणून त्यातली इन्स्टॉलची स्क्रिप्ट सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारी कमांड) लावून चालवली, तर एररची रांग लागली. आता योग्य ड्रायव्हर कुठे मिळेल, आणि इंटरनेटच नसताना तो बसवायचा कसा, हे तुम्हाला हवंय.

तुम्हाला बहुधा ड्रायव्हर नकोच आहे. तो तुमच्या मशीनवर आधीपासून आहे. अडलंय ते दुसऱ्याच ठिकाणी.

विंडोजच्या सवयीने आपण धरून चालतो की नवं उपकरण म्हणजे सोबतची सीडी, सेटअप, चार वेळा ‘नेक्स्ट’ आणि रीस्टार्ट. लिनक्समधे ड्रायव्हर कर्नेलबरोबरच, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याबरोबरच येतात. हजारो मॉड्यूल्स (ड्रायव्हरचे सुटे तुकडे) डिस्कवर पडून असतात आणि एखादं उपकरण लावलं की त्याचा क्रमांक बघून कर्नेल योग्य ते मॉड्यूल उचलतो. यूएसबी मोडेमसाठी लागणारी मॉड्यूल्स जवळजवळ प्रत्येक डिस्ट्रोत (उबुंटू, फेडोरा अशा लिनक्सच्या प्रकारांत) असतातच. म्हणून ‘ड्रायव्हर कुठून आणू’ हे विचारण्याआधी ‘साखळी कुठे तुटली’ हे बघायचं. साखळी अशी: मशीनला यूएसबीवर काहीतरी लावलंय हे कळतं, ते उपकरण सीडीचं सोंग टाकून मोडेम होतं, कर्नेल त्याला मॉड्यूल जोडतो, मोडेम सिम वाचून नेटवर्कवर नोंद करतो, आणि शेवटी एपीएन (सिमच्या कंपनीच्या इंटरनेट जोडणीचं नाव) वगैरे जुळून इंटरनेट सुरू होतं. यातली फक्त तिसरी कडी ड्रायव्हरची. माझ्याकडे ‘ड्रायव्हरचा प्रॉब्लेम’ म्हणून येणारे बहुतेक लोक दुसऱ्या नाहीतर पाचव्या कडीवर अडकलेले असतात.

तुम्ही डोंगलचं मॉडेल, डिस्ट्रो आणि कर्नेलची आवृत्ती लिहिलेली नाही आणि उत्तर यांच्यावर बरंच अवलंबून आहे. त्यामुळे ‘असं दिसलं तर असं’ या पद्धतीने सांगते. कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितेय. टर्मिनलमधे त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या.

डोंगल काढून ठेवा आणि टर्मिनलमधे ‘एलएसयूएसबी’ चालवा. मग डोंगल लावा, वीसेक सेकंद थांबा आणि तीच कमांड पुन्हा द्या. दुसऱ्या यादीत जी ओळ जास्तीची आली ती तुमच्या डोंगलची. त्या ओळीत विसर्गासारख्या दोन टिंबांनी जोडलेले चार-चार अक्षरांचे दोन गट असतात. पहिला गट कंपनीचा, दुसरा उपकरणाचा. हुआवेचा गट १२डी१, झेडटीईचा १९डी२. हा आठ अक्षरांचा आयडी कागदावर लिहून ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर आहे. डोंगलच्या पाठीवर छापलेल्या नावावर फार विसंबू नका, कारण एकाच नावाच्या डोंगलात आतला माल वेगळा निघतो आणि मोबाईल कंपन्या त्याच डोंगलवर स्वतःचं नाव छापून विकतात.

जास्तीची ओळ आलीच नाही तर सॉफ्टवेअरचा विचारच सोडा. पोर्ट बदला, मधला हब काढा, लांब एक्स्टेन्शन वायर असेल तर तीही काढा. तुम्ही लिनक्स व्हर्च्युअल मशीनमधे चालवत असाल तर डोंगल अजून बाहेरच्या सिस्टीमच्याच ताब्यात असतो; व्हर्च्युअल मशीनच्या यूएसबी सेटिंगमधून तो आत घ्यावा लागतो. आणि इथे एक खोच आहे: सीडीचा मोडेम झाल्यावर डोंगलचा आयडीही बदलतो, त्यामुळे जुन्या आयडीचा फिल्टर लावला असेल तर डोंगल क्षणभर आत येऊन पुन्हा बाहेर पळतो. नवशिक्यांनी हा सगळा खटाटोप व्हर्च्युअल मशीनमधे करूच नये असं माझं मत आहे.

आता तुम्हाला दिसणाऱ्या सीडीबद्दल. पूर्वी डोंगलच्या खोक्यात विंडोजच्या ड्रायव्हरची खरी सीडी द्यावी लागे. ती वाचवायला कंपन्यांनी युक्ती केली: डोंगलच्या आतच थोडी मेमरी ठेवून त्यात सेटअप भरला. लावल्या लावल्या डोंगल ‘मी सीडी ड्राइव्ह आहे’ असं सांगतो, विंडोज त्यातून ड्रायव्हर बसवतं, आणि मग तो ड्रायव्हर डोंगलला एक ठरावीक संदेश पाठवून मोडेम व्हायला सांगतो. लिनक्सवर हा संदेश पाठवणारं कोणी नसेल तर डोंगल जन्मभर सीडीच राहतो. तुमच्याकडे बहुधा नेमकं हेच चाललंय.

हे काम करणारा प्रोग्राम म्हणजे यूएसबी मोडस्विच. योसुआ डीत्स यांनी तो लिहिला. कोणत्या आयडीच्या उपकरणाला कोणता संदेश द्यायचा याची मोठी जंत्री त्याच्यासोबत वेगळ्या डेटा पॅकेजमधे येते, आणि डोंगल लावला की यूडेव्ह (उपकरण लागल्याची दखल घेणारा लिनक्सचा भाग) त्याला आपोआप हाक मारतं. डेस्कटॉपच्या बहुतेक डिस्ट्रोंमधे तो आधीच बसवलेला असतो, पण हलक्या किंवा मोजक्या पॅकेजांच्या इन्स्टॉलमधे नसतो. डेबियन आणि उबुंटूत पॅकेजच्या नावात यूएसबी आणि मोडस्विच यांच्या मधे आडवी रेघ आहे, फेडोरात अंडरस्कोर. या क्षुल्लक फरकापायी ‘पॅकेज सापडत नाही’ म्हणून लोक तासन्‌तास घालवतात.

इंटरनेट नाही मग पॅकेज आणायचं कसं? सोपा मार्ग तुमच्या खिशात आहे. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंगमधून यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला तो फोन साधं नेटवर्क कार्ड म्हणून दिसतो आणि एकही पॅकेज न बसवता नेट सुरू होतं. या एका गोष्टीने अर्धी डोकेदुखी संपते. फोनचा पर्याय नसेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पॅकेज पेनड्राइव्हमधे आणा, पण डिस्ट्रोची आवृत्ती तंतोतंत तीच हवी. डेबियन किंवा उबुंटूवर मोडस्विच एकटं बसत नाही: त्याचं डेटा पॅकेज आणि जिम नावाची छोटी लायब्ररी अशी तिन्ही एका फोल्डरमधे ठेवून एकाच कमांडमधे बसवा.

बसवल्यावर डोंगल काढून पुन्हा लावा. या वेळी दुसऱ्या टर्मिनलमधे कर्नेलचा संदेशप्रवाह उघडा ठेवा. कमांड डी, एम, ई, एस, जी ही पाच अक्षरं सलग, पुढे मोकळी जागा, वजा चिन्ह आणि डब्ल्यू. नव्या डिस्ट्रोंमधे आधी सुडो लागतं. नवशिक्यांनी शिकावी अशी एकच कमांड कोणती असं मला कोणी विचारलं तर मी हीच सांगेन. तुमच्या डोळ्यांसमोर काय घडायला हवं ते बघा. आधी नवं हाय-स्पीड यूएसबी उपकरण आल्याची ओळ येते, तिच्याखाली यूएसबी-स्टोरेज आणि सीडी-रॉमचा उल्लेख. दोन-चार सेकंद जातात. मग ‘यूएसबी डिसकनेक्ट’ अशी ओळ. इथे दचकू नका. डोंगल सुटलेला नाही, तो सोंग उतरवतोय. लगेच नवं उपकरण आल्याची ओळ पुन्हा येते, आयडीचा पहिला गट तोच पण दुसरा वेगळा. त्यानंतर ‘जीएसएम मोडेम (१-पोर्ट) कन्व्हर्टर डिटेक्टेड’ आणि ‘नाऊ अटॅच्ड टू टीटीवाययूएसबी०’ (हे मोडेमशी बोलायच्या पोर्टचं नाव) अशा ओळी आल्या की तुमचा ड्रायव्हर बसला. तुम्ही एकही ड्रायव्हर इन्स्टॉल न करता.

यूएसबी-स्टोरेजच्या ओळीवरच सगळं थांबलं आणि मोडस्विच तर बसवलेलं आहे, तर तुमचा आयडी जंत्रीत नसण्याची शक्यता आहे. आधी फाइल मॅनेजरमधून ती सीडी ‘इजेक्ट’ करून बघा. काही डोंगल तेवढ्यानेच शहाणे होतात. नाहीतर डिस्ट्रोच्या नव्या आवृत्तीचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवून त्यावरून मशीन सुरू करा आणि डोंगल लावा. तिथे चालला तर तुमच्या डिस्कवरचं कर्नेल किंवा जंत्री जुनी आहे. अपडेट करा, विषय संपला. ही लाइव्ह पेनड्राइव्हची चाचणी मी प्रत्येक वेळी अगदी सुरुवातीलाच करते, कारण तिने मूळ सिस्टीमला धक्का लागत नाही आणि उत्तर मात्र पक्कं मिळतं.

आता तिसरी कडी, म्हणजे खरा ड्रायव्हर. ‘एलएसयूएसबी’ पुढे मोकळी जागा, वजा चिन्ह आणि टी असं लिहिलं की झाडासारखी यादी येते आणि प्रत्येक फांदीपुढे ‘ड्रायव्हर’ म्हणून मॉड्यूलचं नाव असतं. तुमच्या डोंगलपुढे यूएसबी-स्टोरेज एवढंच असेल तर तो अजून सीडीच आहे, मागे जा. ‘ऑप्शन’ दिसलं तर तो सिरियल पोर्टवाला मोडेम झालाय. हे नाव वाचून लोक गोंधळतात, त्यांना वाटतं काहीतरी पर्याय निवडायचाय. ऑप्शन ही मोबाईल डेटा कार्डं बनवणारी बेल्जियन कंपनी. तिच्या कार्डांसाठी हे मॉड्यूल आलं, मग सगळ्या कंपन्यांचे आयडी त्यातच भरत गेले. ‘क्यूएमआय डब्ल्यूवॅन’ किंवा ‘सीडीसी एमबीआयएम’ दिसलं तर नव्या पद्धतीचा मोडेम, तोही मॉडेममॅनेजर (मोडेमची जोडणी सांभाळणारा लिनक्सचा प्रोग्राम) सांभाळतो.

पण ‘सीडीसी ईथर’ किंवा ‘आरएनडीआयएस’ दिसलं तर प्रकरण पूर्ण वेगळं आहे आणि इथे नवशिके सर्वांत जास्त फसतात. हा डोंगल म्हणजे एक छोटा राउटरच असतो. सिम, पिन, एपीएन, डायल करणं सगळं तो स्वतःच आत करतो आणि कॉम्प्युटरला म्हणतो, ‘मी वायरचं नेटवर्क कार्ड आहे.’ हुआवेची हायलिंक पद्धत ती हीच. ई३३७२ या डोंगलची हायलिंक आवृत्ती सीडी असताना १२डी१:१एफ०१ असते आणि सोंग उतरल्यावर १२डी१:१४डीसी होते. अशा डोंगलसाठी नेटवर्कच्या मेनूत ‘मोबाईल ब्रॉडबँड’ कधीच येणार नाही, टीटीवाययूएसबी पोर्ट येणार नाही आणि मॉडेममॅनेजरच्या यादीतही तो दिसेलच असं नाही. लोक नेमकं हेच शोधत बसतात आणि ‘ड्रायव्हर बसलाच नाही’ असा निष्कर्ष काढतात. तुम्ही ‘आयपी’, मोकळी जागा, ‘ए’ अशी कमांड देऊन बघा. ईएनएक्सने सुरू होणारं आणि पुढे बारा अक्षरांची शेपटी असलेलं लांबलचक नाव दिसलं, त्याला १९२.१६८.८ ने सुरू होणारा पत्ता मिळालेला असला, तर ब्राउझरमधे १९२.१६८.८.१ उघडा. डोंगलचं स्वतःचं पान येईल. सिमचा पिन आणि एपीएन तिथेच भरायचे. दुसऱ्या कंपन्यांच्या डोंगलांत हा पत्ता वेगळा असतो. ‘आयपी’, मोकळी जागा, ‘आर’ दिल्यावर ‘डीफॉल्ट’ या शब्दापुढे जो दिसेल तो.

मोड बदललाय, आयडीही नवा आहे, पण ड्रायव्हरची जागा रिकामी आहे, असं क्वचित होतं. म्हणजे मॉड्यूल आहे पण तुमचा आयडी त्याच्या यादीत नाही. तेव्हासुद्धा काही कंपाइल करावं लागत नाही. ऑप्शन मॉड्यूल मोडप्रोब या कमांडने चढवायचं आणि त्याच्या ‘न्यू आयडी’ नावाच्या फाइलीत, सिसएफएसच्या (कर्नेलच्या सेटिंगच्या फाइली दाखवणाऱ्या फोल्डरच्या) आत, तुमचे दोन गट मधे मोकळी जागा सोडून लिहायचे. पोर्ट लगेच उगवतात. हा उपाय रीस्टार्टनंतर टिकत नाही, टिकवायचा तर यूडेव्हचा नियम लिहावा लागतो. आणि हा डोंगल खरोखर सिरियल पोर्टवाला असल्याची खात्री असेल तरच करा. नेटवर्क कार्डासारखा वागणारा डोंगल जबरदस्तीने ऑप्शनच्या गळ्यात बांधला तर जे चालणार होतं तेही चालायचं बंद होतं.

आता त्या सीडीतल्या स्क्रिप्टकडे येऊ. तुम्ही एररचा मजकूर दिलेला नाही, पण दोनच जाती असतात. पहिली: लिब मॉड्यूल्समधल्या ‘बिल्ड’ फोल्डरबद्दल ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. याचा अर्थ चालू कर्नेलचे हेडर्स (ड्रायव्हर कंपाइल करायला लागणाऱ्या फाइली) बसवलेले नाहीत. ते बसवले की बहुतेकांना दुसरी जात भेटते: ‘इम्प्लिसिट डिक्लरेशन ऑफ फंक्शन’ आणि त्याखाली पानभर आरडाओरडा. याचा अर्थ तो कोड आजच्या कर्नेलसाठी लिहिलेलाच नाही. कर्नेलच्या आतली फंक्शन्स आवृत्तीगणिक बदलतात, आणि ती जुन्या ड्रायव्हरांसाठी गोठवून ठेवायची नाहीत हे कर्नेलवाल्यांचं जाणूनबुजून ठरवलेलं धोरण आहे. त्यांचं म्हणणं, ड्रायव्हर आमच्या झाडात, म्हणजे कर्नेलच्या मूळ कोडमधे आणा, मग बदल आम्हीच करून देऊ. म्हणूनच बाहेर राहिलेला ड्रायव्हर दोन-चार वर्षांत कुजतो. त्या फोल्डरमधली रीडमी उघडून बघा. तिच्यात कर्नेल २.६ चा उल्लेख असला तर तो माल २०११ पूर्वीच्या मशीनसाठी आहे, कारण त्या जुलैत कर्नेल ३.० आलं. तो दुरुस्त करायच्या फंदात पडू नका. त्या काळात या स्क्रिप्टची गरज होती, आज तेच काम कर्नेल आणि मॉडेममॅनेजर करतात.

सुडो लावून ती चालवलीच आहे, तर एवढं तपासा: ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधल्या यूडेव्हच्या ‘रूल्स डॉट डी’ आणि ‘मोडप्रोब डॉट डी’ या दोन फोल्डरांत आजच्या तारखेच्या नव्या फाइली आल्यात का? आल्या असतील तर त्या पुसून न टाकता दुसरीकडे हलवा आणि रीस्टार्ट करा. विशेषतः ‘ब्लॅकलिस्ट’ शब्दाची, म्हणजे अमुक मॉड्यूल चढवू नको असं सांगणारी ओळ असलेली फाइल. अशी एखादी ओळ मागे राहिली की नंतर केलेलं सगळं बरोबर असूनही डोंगल मुका राहतो. यापुढे सीडीतली किंवा नेटवर सापडलेली स्क्रिप्ट आधी टेक्स्ट एडिटरमधे उघडून वाचा. सगळं कळणार नाही, पण ती कुठे फाइली टाकतेय ते कळतं. ‘एनडीआयएसरॅपर लाव, विंडोजचाच ड्रायव्हर चालेल’ असाही सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. एनडीआयएसरॅपर नेटवर्क कार्डांसाठी, मुख्यतः वायफायसाठी होतं. मोडेमशी त्याचा संबंध नाही.

खरंच बाहेरचा ड्रायव्हर कंपाइल करायची वेळ आली, काही लॅपटॉपच्या आतल्या कार्डांबाबत ती येते, तर डीकेएमएसमधून करा, म्हणजे कर्नेल अपडेट झालं की तो आपोआप पुन्हा बांधला जातो. आणि ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असा एरर आला तर दोष कोडचा नसतो: सिक्युअर बूट चालू आहे आणि तुमच्या मॉड्यूलवर मान्य सही नाही. स्वतःची की नोंदवा किंवा सिक्युअर बूट बंद करा. पहिला मार्ग जास्त चांगला, दुसरा जास्त सोपा.

चौथ्या कडीला आलात की काम मजेचं होतं, कारण आता तुम्ही मोडेमशी थेट बोलू शकता. (हायलिंकसारखा डोंगल असेल तर हा भाग सोडून द्या.) मॉडेममॅनेजर चालू असताना ‘एमएमसीएलआय’, मोकळी जागा, वजा चिन्ह आणि मोठ्या लिपीतला एल एवढं दिलं की सापडलेल्या मोडेमची यादी मिळते. यादीत मोडेम आला म्हणजे ड्रायव्हरचा अध्याय बंद. न आल्यास मॉडेममॅनेजर तात्पुरता थांबवा, नाहीतर दोघेही एकाच पोर्टवर बोलायला लागतात आणि उत्तरं अर्धवट येतात. मग मिनिकॉमसारखा प्रोग्राम टीटीवाययूएसबी० वर उघडा. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर तुमचं नाव ‘डायलआउट’ गटात घाला, आर्चवर हा गट ‘यूयूसीपी’ आहे, आणि लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा. मोठ्या लिपीत एटी लिहून एंटर मारा. ‘ओके’ आलं तर मोडेम जिवंत आहे. उत्तर नसेल तर पुढचा पोर्ट घ्या, कारण एकाच डोंगलात तीन-चार पोर्ट असतात आणि सगळे आज्ञा ऐकणारे नसतात.

एटीच्या या आज्ञा हेज कंपनीच्या १९८१ च्या स्मार्टमोडेमपासून चालत आल्या आहेत आणि अजून कामाला येतात. एटी+सीपीआयएन? असं विचारलं की ‘रेडी’ किंवा ‘सिम पिन’ असं उत्तर येतं. पिन मागत असेल तर अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकला की सिम बंद होऊन पीयूके (सिम पुन्हा उघडायचा कोड) मागतं. एटी+सीएसक्यू दिलं की सिग्नल कळतो: पहिला आकडा ० ते ३१ च्या दरम्यान, ९९ म्हणजे सिग्नल मोजताच येत नाही. १० म्हणजे उणे ९३ डीबीएम, त्याच्या खाली असेल तर डोंगल खिडकीशी न्या. एटी+सीआरईजी? च्या उत्तरातला दुसरा आकडा १ असला तर नोंद झालीय, ५ असला तर रोमिंगवर नोंद आहे, २ म्हणजे अजून शोधतोय, ३ म्हणजे नेटवर्कने नकार दिलाय. फोर-जीवर हाच प्रश्न सीईआरईजी असा विचारायचा. ३ आला तर लिनक्सला दोष देऊ नका. ते सिम फोनमधे घालून बघा.

पाचवी कडी पटकन सांगते, कारण इथे लिनक्सचं असं वेगळं काही नाही. नेटवर्कमॅनेजरमधे मोबाईल ब्रॉडबँडचं नवं कनेक्शन बनवा, एपीएन तुमच्या सिमच्या कंपनीने सांगितलेलाच भरा. विझार्डमधली यादी जुनी असू शकते. जोडणी झाली पण पान उघडत नाही असं असेल तर ८.८.८.८ ला पिंग करा. पिंग जातो आणि नावं उघडत नाहीत, तर प्रश्न डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधण्याचा आहे. डब्ल्यूव्हीडायल हा डायल करणारा जुना प्रोग्राम वापरा असं जुन्या लेखांमधे वाचाल. चालतं, पण मॉडेममॅनेजर असताना ते वापरायचं कारण उरलेलं नाही.

वीज हा विषय कोणी विचारत नाही, पण मला तो सारखा भेटतो. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलीअँपिअरपर्यंत देतो आणि सिग्नल कमकुवत असला की मोडेम जास्त जोर लावतो. मग दहा मिनिटं नीट चालून डोंगल गळतो. कर्नेलच्या संदेशांत ‘एरर -७१’ किंवा ‘एरर -११०’ अशा ओळी दिसू लागल्या की आधी केबल, हब आणि पोर्ट यांच्यावर संशय घ्या. डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टऐवजी मागचा, मदरबोर्डला थेट लागलेला पोर्ट वापरा.

तुमच्या ‘मोडेम’चा अर्थ लॅपटॉपच्या आतलं सिमचं कार्ड असा असेल तर वरच्यापैकी सोंगाचा भाग लागू नाही. तिथे कर्नेल नवं असणं महत्त्वाचं, कारण अशा कार्डांसाठी वेगळी डब्ल्यूवॅन व्यवस्था ५.१३ पासून आली आणि मीडियाटेकच्या कार्डांचा ड्रायव्हर ५.१९ मधे. शिवाय काही लॅपटॉपांतली कार्डं कुलूप लावून येतात: सगळं दिसतं, पण रेडिओ चालू होत नाही. मॉडेममॅनेजर हे कुलूप १.१८.४ आवृत्तीपासून आपणहून काढत नाही. त्याच्या फोल्डरातली ‘एफसीसी अनलॉक’ची तुमच्या कार्डाची स्क्रिप्ट ईटीसीमधल्या मॉडेममॅनेजरच्या ‘एफसीसी अनलॉक डॉट डी’ फोल्डरमधे तुम्हालाच लिंक करावी लागते.

आणि फोनच्या तारेचं जुनं ५६के मोडेम कार्ड असेल तर वेगळीच गोष्ट. आतल्या पीसीआय कार्डांपैकी बरीचशी ‘विनमोडेम’ असतात, म्हणजे सिग्नलवर प्रक्रिया करणारी चिपच त्यात नसते. ते काम विंडोजचा ड्रायव्हर कॉम्प्युटरच्या प्रोसेसरकडून करून घेतो. कंपन्यांनी ती पद्धत उघड केली नाही, त्यामुळे लिनक्सवर ड्रायव्हर तुटपुंजे आले. कोनेक्झंटच्या चिपांसाठी लिनक्सअंटचा ड्रायव्हर होता, त्याची फुकट आवृत्ती १४.४ केबीपीएसवर अडवलेली होती. आजच्या कर्नेलवर त्यातलं काही बसवण्यात अर्थ नाही. सिरियल पोर्टला लागणारा बाहेरचा मोडेम शोधा. त्याला ड्रायव्हरच लागत नाही, टीटीवायएस० उघडून एटी लिहिलं की तो बोलतो.

तुमच्यासाठी क्रम म्हणाल तर: फोनवरून टेदरिंग, सिस्टीम अपडेट, मोडस्विच असल्याची खात्री, मग डोंगल लावून संदेश वाचणं. नव्वद टक्के काम एवढ्यात होईल असं आकडा लावून मी म्हणणार नाही, पण यानंतरही कंपाइलरला हात लावावा लागला तर मला आश्चर्य वाटेल.

तरीही अडलं तर पुन्हा लिहा, आणि या वेळी फोटो नकोत, मजकूर कॉपी करा: डोंगल लावण्याआधीची आणि नंतरची एलएसयूएसबीची यादी, वजा टीवालं झाड, डोंगल लावल्यापासून पुढच्या अर्ध्या मिनिटाचे कर्नेलचे संदेश आणि ‘यूनेम वजा आर’ने येणारी कर्नेलची आवृत्ती. एमएमसीएलआयचा मजकूर टाकलात तर त्यातला आयएमईआय, सिमचा क्रमांक आणि तुमचा नंबर आधी खोडा. मला त्यांचा उपयोग नाही.